शोगीचे निकाल आणि क्रमवारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, नेमाने बघणारे मराठी लोक अजून थोडे आहेत, पण जे आहेत ते चिकाटीने प्रश्न पाठवतात. खेळाचे नियम दोन-चार दिवसांत कळतात. माणूस अडतो तो निकालाच्या तक्त्याशी. कोण पुढे आहे, 9-1 अशी कामगिरी करूनही बढती का मिळाली नाही, तीन डाव खेळून एकच निकाल कसा लागला, असे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. निकाल 2025 च्या डिसेंबरअखेरपर्यंतचे आहेत. नावं जपानी रीतीने, आडनाव आधी अशी लिहिली आहेत.

1. सध्या शोगीत पहिल्या क्रमांकावर कोण आहे?

बुद्धिबळात फिडेची मानांकन यादी असते, तशी अधिकृत यादी जपान शोगी संघटना काढत नाही. चाहत्यांनी हिशेब करून ठेवलेली मानांकनं आहेत आणि त्यांत फुजिई सोता वरच्या जागी असतो, पण निकालपत्रकात त्यांना स्थान नाही. शोगीत खेळाडूची जागा दोन गोष्टींवरून कळते: त्याच्याकडे किती मोठे किताब आहेत, आणि तो जुनिसेनच्या कुठल्या वर्गात आहे (प्रश्न 6). किताबांपुरतं बोलायचं तर 2025 संपताना आठपैकी सहा फुजिई सोताकडे आणि दोन इतो ताकुमीकडे होते. बाकी कोणाकडे एकही नव्हता.

2. आठ किताब कोणते आणि शेवटची लढत कशी झाली?

वर्षभराच्या क्रमाने:

- ओशो (जानेवारी ते मार्च, सात डावांची मालिका): फुजिईने नागासे ताकुयाला 4-1 हरवलं.
- किओ (फेब्रुवारी-मार्च, पाच डाव): फुजिईने मासुदा यासुहिरोला 3-0.
- मेइजिन (एप्रिल ते जून, सात डाव): फुजिईने नागासेला 4-1.
- एइओ (एप्रिल ते जून, पाच डाव): इतोने साइतो शिन्तारोला 3-2.
- किसेई (जून-जुलै, पाच डाव): फुजिईने सुगिमोतो काझुओला 3-0.
- ओई (जुलै ते सप्टेंबर, सात डाव): फुजिईने नागासेला 4-2.
- ओझा (सप्टेंबर-ऑक्टोबर, पाच डाव): इतोने फुजिईला 3-2.
- र्युओ (ऑक्टोबर ते डिसेंबर, सात डाव): फुजिईने सासाकी युकीला 4-0.

सात डावांच्या मालिकेतला प्रत्येक डाव दोन दिवस चालतो, पाच डावांच्या मालिकेतला एका दिवसात संपतो. मेइजिनसाठी प्रत्येकाला 9 तास मिळतात, किसेईसाठी 4. एकच माणूस दोन्हीकडे सारखाच खेळेल असं म्हणूनच धरून चालू नये. नवं वर्ष लागलं की आधी ओशो आणि किओ या दोन ओळी तपासा, कारण सर्वांत आधी त्या जुन्या होतात.

3. ‘ओशो’ किताबाचा पुण्याच्या ओशोंशी काही संबंध आहे का?

नाही. हा प्रश्न खरोखर बऱ्याच जणांकडून येतो. ‘ओ’ म्हणजे राजा, ‘शो’ म्हणजे सेनापती, आणि शोगीतल्या राजाच्या सोंगटीलाच ओशो म्हणतात. तसंच ‘र्युओ’ म्हणजे ड्रॅगनांचा राजा, आणि बढती मिळालेल्या हत्तीचंही तेच नाव आहे.

4. फुजिईकडे आठही किताब होते ना? मग गेले कसे?

होते. 11 ऑक्टोबर 2023 ला क्योतोमध्ये त्याने नागासेकडून ओझा घेतला आणि आठवा किताब पूर्ण झाला. त्याआधी 1996 मध्ये हाबू योशिहारूने सगळे किताब एकत्र केले होते. तेव्हा ते सातच होते, कारण एइओला मोठ्या किताबाचा दर्जा 2017 मध्ये मिळाला. हाबूचं सप्तक 167 दिवस टिकलं, फुजिईचं अष्टक 254.

ते मोडलं इतो ताकुमीने. 20 जून 2024 ला कोफू शहरात एइओच्या पाचव्या डावात इतो जिंकला आणि मालिका 3-2 झाली. तोवर फुजिई किताबाच्या 22 मालिका खेळला होता आणि बावीसच्या बावीस जिंकला होता. ही त्याची पहिली हार. दोघेही 2002 साली जन्मलेले. तिसरीत असताना मुलांच्या एका राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत इतोने फुजिईला हरवलं होतं आणि फुजिई रडला होता, ही आठवण जपानी शोगीप्रेमी आजही सांगतात. मोठेपणी मात्र चित्र उलटं होतं. 2023 च्या र्युओ लढतीत इतो 0-4 ने हरला, पुढच्या किओमध्येही त्याला एक डाव जिंकता आला नाही. फुजिईविरुद्ध त्याचा पहिला विजय एप्रिल 2024 मध्ये, त्याच एइओ मालिकेत आला. इतकं हरूनही तो दोन महिन्यांनी किताब घेऊन उठला, हे मला आठ किताबांच्या विक्रमाइतकंच मोठं वाटतं.

ऑक्टोबर 2025 मध्ये ओझाही त्याने 3-2 असाच घेतला. निर्णायक पाचवा डाव पुन्हा कोफूलाच झाला. म्हणून 2025 अखेर सहा आणि दोन.

5. किताबधारकाशी कोण खेळणार, हे कसं ठरतं?

प्रत्येक किताबाची वाट वेगळी आहे. सर्वसाधारण नियम एवढाच, की धारक वर बसून असतो आणि बाकीच्यांमधून एक आव्हानवीर निघतो.

मेइजिनची वाट सर्वांत अरुंद: फक्त जुनिसेनच्या अ वर्गाचा विजेता. र्युओची सर्वांत रुंद. तिथे सहा गट असतात आणि सर्वांत खालच्या गटात हौशी खेळाडू व महिला व्यावसायिकही खेळतात. गटांतून 11 जण अंतिम स्पर्धेत जातात, त्यांत पहिल्या गटातले पाच आणि दुसऱ्यातले दोन. म्हणजे सहाव्या गटातला नवखाही त्याच वर्षी किताबापर्यंत पोचू शकतो, पण त्याला डाव कितीतरी जास्त खेळावे लागतात. ओशोसाठी सात जणांची साखळी असते आणि तिच्यातले वरचे चौघेच पुढच्या वर्षी टिकतात. ओईमध्ये लाल आणि पांढरा असे सहा-सहा जणांचे दोन गट, त्यांचे विजेते एकमेकांशी खेळतात.

किओमध्ये गंमत आहे. शेवटचे चार उरले की एकदा हरलेल्यालाही दुसरी संधी मिळते. मात्र आव्हानवीर ठरवताना न हरता आलेल्याला एकच विजय पुरतो आणि मागच्या दाराने आलेल्याला दोन लागतात. तक्त्यात त्याच दोघांमध्ये दुसरा डाव दिसला तर ती छापण्यातली चूक नाही.

6. जुनिसेन म्हणजे काय? अ, ब1, ब2 हे वर्ग कशासाठी?

‘जुनि’ म्हणजे क्रम. खऱ्या अर्थाने क्रमवारी म्हणावी अशी हीच स्पर्धा. पाच वर्ग: अ, ब1, ब2, क1, क2. अ वर्गात साधारण दहा जण, प्रत्येकाशी एक डाव, विजेता मेइजिनचा आव्हानवीर, तळातले दोघे खाली. ब1 मध्येही सगळे सगळ्यांशी खेळतात. त्याखाली खेळाडू खूप, म्हणून प्रत्येकाला ठरावीक डाव मिळतात आणि वरचे मोजके चढतात. क2 मधूनही घसरला तर मुक्त वर्ग. तिथे जुनिसेन नसते.

वर्षाला एकच पायरी चढता येते. त्यामुळे क2 पासून सुरू करणाऱ्याला मेइजिन व्हायला कमीत कमी पाच हंगाम खेळून मगच लढत मिळते. दोन किताब असलेला इतो 2025-26 च्या हंगामात अजून अ वर्गात नव्हता, म्हणून त्या हंगामातून मेइजिनला आव्हान देणं त्याला शक्यच नव्हतं. फुजिई 2022 मध्ये अ वर्गात पोचला, पहिल्याच वर्षी आव्हानवीर झाला आणि 1 जून 2023 ला नागानो प्रांतातल्या ताकायामा गावी वातानाबे आकिराला 4-1 हरवून 20 वर्षं 10 महिन्यांचा मेइजिन झाला. तानिगावा कोजीचा 1983 चा विक्रम (21 वर्षं 2 महिने) तेव्हा मोडला.

7. 9 जिंकले, 1 हरला, तरी बढती नाही? हे कसं?

बुद्धिबळात बरोबरी फोडायला बुखहोल्झ वगैरे हिशेब असतात. जुनिसेनमध्ये तसं काही नाही. हंगाम सुरू होताना वर्गात तुमचा जो क्रमांक असतो, तोच बरोबरी फोडतो. मागच्या वर्षी चांगलं खेळलात तर यंदा वरचा क्रमांक. नव्याने चढलेल्याला तळचा.

याचं सर्वांत जिव्हारी लागणारं उदाहरण 2018-19 च्या क1 वर्गाचं. फुजिई 9-1. आणखी तिघे 9-1. वर जाणार होते दोघेच. फुजिईचा क्रमांक होता 31 वा. कोंदो सेइया चढला, आणि दुसरा चढला सुगिमोतो मासाताका, फुजिईचा गुरू. गुरू वर गेले, शिष्य तिथेच राहिला, दोघांची कामगिरी अगदी सारखी. फुजिईने पुढच्या वर्षी 10-0 केलं. एका पराभवाची किंमत एक वर्ष असू शकते, म्हणून जुनिसेनचे डाव मध्यरात्रीपर्यंत रेटले जातात.

अपवाद एकच: मेइजिनचा आव्हानवीर ठरवताना क्रमांकावर निकाल लावत नाहीत, पुन्हा डाव खेळवतात. मार्च 2018 मध्ये अ वर्गात सहा जण 6-4 वर अडकले. मग खालच्या क्रमांकाचे आधी, असे पायरीपायरीने डाव झाले. तळातून निघालेल्या तोयोशिमा मासायुकीने ओळीने तिघांना हरवलं, चौथ्या पायरीवर हाबूने त्याला थांबवलं आणि मग सहांतल्या सर्वांत वरच्या क्रमांकाच्या इनाबालाही हरवून हाबू आव्हानवीर झाला. अ वर्गातून खाली जाताना मात्र क्रमांकच बघतात.

8. तक्त्यात पांढरे-काळे गोल आणि चौकोन असतात, ते काय?

पांढरा गोल विजय, काळा गोल पराभव. सोंगट्यांच्या रंगाशी त्यांचा संबंध नाही, कारण शोगीत सोंगट्या एकाच रंगाच्या असतात. चौकोन म्हणजे डाव न खेळता लागलेला निकाल: पांढरा असेल तर प्रतिस्पर्धी आलाच नाही, काळा असेल तर हा स्वतः आला नाही.

9. मालिका 3-0 लिहिली आहे, पण डाव चार दिसतात. एक कुठे गेला?

तो बरोबरीत सुटला. शोगीत बरोबरी फार क्वचित होते आणि दोन प्रकारांनी होते.

पहिली, सेन्निचिते. तीच स्थिती चारदा आली की डाव रद्द, आणि बाजू बदलून, उरलेल्या वेळेत पुन्हा खेळायचं. बहुतेक वेळा त्याच दिवशी. जून 2022 मध्ये अवाजी बेटावर फुजिई आणि नागासेच्या किसेई मालिकेचा पहिला डाव लागोपाठ दोनदा असा सुटला. तिसऱ्यांदा बसले तेव्हा नागासे जिंकला. तीन डाव, तक्त्यात गोल एकच. सतत शह देऊन स्थिती परत आणली असेल तर मात्र बरोबरी नाही, शह देणारा हरतो.

दुसरी, जिशोगी. दोन्ही राजे एकमेकांच्या मुलखात शिरले की मात होणं जवळपास अशक्य होतं, कारण शोगीतली प्यादी आणि बऱ्याच सोंगट्या मागे वार करू शकत नाहीत. मग मोजणी: हत्ती आणि उंट पाच-पाच गुण, राजा सोडून बाकी एकेक. दोघांकडे किमान 24 असतील तर बरोबरी, ज्याचे कमी तो हरला. फेब्रुवारी 2024 मध्ये उओझु इथे फुजिई-इतो किओ मालिकेचा पहिला डाव असा सुटला. पुढचे तीन फुजिईने जिंकले, म्हणून 3-0 आणि एक जिशोगी. 2020 च्या एइओमध्ये, तेव्हा ती सात डावांची मालिका होती, नागासे आणि तोयोशिमा यांच्यात दोन जिशोगी झाल्या आणि नववा डाव खेळावा लागला.

10. फुजिईच्या नावापुढे ‘र्युओ-मेइजिन’ लिहितात, हाबूच्या पुढे ‘9 दान’. का?

ज्याच्याकडे किताब आहे त्याला किताबाने हाक मारतात, ज्याच्याकडे नाही त्याला दानाने, म्हणजे श्रेणीच्या पायरीने. र्युओ आणि मेइजिन हे सर्वांत वरचे मानतात, म्हणून दोन्ही असतील तर दोन्ही लावतात आणि बाकीचे गाळतात. किताब गेला की दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात नाव बदललेलं असतं. डिसेंबर 2018 मध्ये हिरोसे आकिहितोकडून र्युओ हरल्यावर हाबूचं असंच झालं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. जुने निकाल शोधताना हे लक्षात ठेवा.

11. ‘एइसेई’ किताब म्हणजे काय? फुजिईकडे कोणते आहेत?

एइसेई म्हणजे कायमचा. ठरावीक वेळा किताब जिंकला की तो मान मिळतो आणि सहसा निवृत्तीनंतर वापरतात. अटी सारख्या नाहीत: किसेई आणि मेइजिन एकूण 5 वेळा, ओशो एकूण 10 वेळा, किओ सलग 5 वेळाच, र्युओ सलग 5 किंवा एकूण 7. फुजिईने किसेई आणि ओई 2024 मध्ये आणि र्युओ नोव्हेंबर 2025 मध्ये मिळवला. एइसेई र्युओ होणारा तो वातानाबे आणि हाबूनंतर तिसराच.

12. एकूण किताबांत सर्वांत पुढे कोण?

2025 अखेर हाबू 99, ओयामा यासुहारू 80, नाकाहारा माकोतो 64, फुजिई 32, वातानाबे 31. फुजिई तेव्हा तेवीस वर्षांचा होता. हाबूचा शंभरावा किताब मात्र अजून आलेला नाही. 2023 च्या ओशोमध्ये तो फुजिईशी 2-4 हरला, तेव्हा 52 वर्षांचा होता. ती मालिका मी पूर्ण बघितली आणि दुसरा डाव हाबूने जिंकला त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं होतं.

13. विजयाची टक्केवारी जानेवारीपासून मोजतात का?

नाही, एप्रिल ते मार्च. आपल्या आर्थिक वर्षासारखंच. ‘2023 चा विक्रम’ म्हणजे मार्च 2024 पर्यंतचा. त्या वर्षी फुजिईने 46 जिंकले आणि 8 हरले. 1967 सालचा नाकाहाराचा विक्रम 47-8. एक विजय जास्त असता तर बरोबरी झाली असती. मार्चमध्ये एनएचके (जपानची टीव्ही वाहिनी) चषकाची अंतिम फेरी तो सासाकी युकीशी हरला. 2017 मध्ये पदार्पणापासूनच्या त्याच्या 29 विजयांची मालिका तोडणाराही हाच सासाकी. बरोबरीत सुटलेले डाव (प्रश्न 9) टक्केवारीत धरत नाहीत.

14. व्यावसायिक कसं होतात? रेटिंग किती लागतं?

रेटिंग लागत नाही. बुद्धिबळात नागपूरची दिव्या देशमुख 2025 चा महिला विश्वचषक जिंकून थेट ग्रँडमास्टर झाली. शोगीत एका मोठ्या विजयावर असा दर्जा देण्याची पद्धत नाही. शोरेइकाई या प्रशिक्षण संस्थेत 3 दानांची साखळी वर्षातून दोनदा होते, दर वेळी पहिले दोघे 4 दान होतात, आणि 4 दान म्हणजे व्यावसायिक. म्हणजे वर्षाला साधारण चार जण. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत जमलं नाही तर सहसा बाहेर. दुसरी वाट परीक्षेची: व्यावसायिकांविरुद्ध पुरेसे विजय मिळाले की नव्या पाच व्यावसायिकांशी डाव, त्यातले तीन जिंकायचे.

15. महिलांचे निकाल वेगळ्या पानावर का असतात?

महिला व्यावसायिकांची श्रेणी वेगळी आहे आणि त्यांचे स्वतःचे आठ किताब आहेत. मुख्य श्रेणी स्त्रियांना बंद नाही, पण 2025 अखेर एकही स्त्री तिथे पोचलेली नाही. फुकुमा काना (तेव्हाचं आडनाव सातोमी) 2022 च्या परीक्षेत 0-3 हरली. निशियामा तोमोका 2-2 पर्यंत पोचली आणि जानेवारी 2025 मध्ये पाचवा डाव हरली. मला तो निकाल आजही बोचतो. जून 2025 मध्ये संघटनेने नियम केला, की महिलांचा हाकुरेई किताब पाच वेळा जिंकणारीला मुख्य श्रेणीत, मुक्त वर्गात, येता येईल. त्याच महिन्यात शिमिझु इचियो संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली.

16. भारतातून बघायचं तर किती वाजता?

जपान आपल्यापुढे साडेतीन तास. किताबाचे डाव तिथे सकाळी 9 ला सुरू होतात, म्हणजे इथे पहाटे 5:30. इतर डाव 10 ला, म्हणजे 6:30. जुनिसेनचा डाव तिथे मध्यरात्री संपला तर इथे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. अमेरिकेतल्या मंडळींना डाव आदल्या संध्याकाळी दिसतो, म्हणून तारखेचा घोळ होतो. दोन दिवसांच्या डावात पहिल्या संध्याकाळी एक चाल पाकिटात बंद करतात. त्या दिवशी निकाल शोधू नका.

एनएचके चषक आधी चित्रित करून रविवारी दाखवतात आणि तोवर निकाल बाहेर येत नाही.

17. खेळात वरचढ असूनही हरला असं लिहिलंय. का?

नियमभंग. शोगीत तो झाला की डाव तिथेच संपतो, चाल परत घेता येत नाही. सर्वांत प्रसिद्ध ‘निफु’: एकाच उभ्या ओळीत आपली दोन साधी प्यादी ठेवणं. मार्च 2015 मध्ये एनएचके चषकात हाशिमोतो ताकानोरी यांच्याकडून टीव्हीवर हे झालं. ऑक्टोबर 2022 मध्ये सातो आमाहिको अ वर्गातला नागासेविरुद्धचा डाव हरला तो मुखपट्टी न लावल्याबद्दल. दोन्ही पराभव तक्त्यात साध्या काळ्या गोलानेच दिसतात.

18. निकालात फक्त ‘112 चालींपर्यंत’ असं असतं. कोण जिंकलं?

शोगीत दोघांच्या चाली एकाच क्रमाने मोजतात. पहिली चाल सेन्तेची, दुसरी गोतेची. हरणारा आपल्या पाळीला वाकून ‘माकेमाशिता’, मी हरलो, म्हणतो. म्हणजे शेवटची चाल जिंकणाऱ्याची. आकडा सम असेल तर गोते जिंकला, विषम असेल तर सेन्ते, म्हणून 112 चालींचा डाव गोतेचा. हे उलटतं फक्त निफुसारख्या नियमभंगाच्या चालीवर डाव संपला तर (प्रश्न 17), कारण तेव्हा शेवटची चाल हरणाऱ्याची असते.